नागपूरचे ढोल-ताशे आणि त्यांचे श्रोते

आजच्या भाषणाचा विषय ढोल-ताशांची पथके हा आहे. परंतु वाजविणाऱ्यांइतकेच लक्ष ऐकणाऱ्यांकडेही द्यावे, असा माझा मानस आहे. गाणे ऐकावयाचे तर मनुष्य आपण होऊन मैफलीला जातो. माझे हे भाषण कंटाळवाणे वाटले, तर यंत्राची कळ फिरवून मला गप्प करण्याची सोय आपणांपाशी आहेच. ढोलाची गोष्ट निराळी. तो रस्त्यावर वाजतो आणि ज्याला ऐकावयाचे नाही त्याच्याही घरात शिरतो. म्हणूनच तो केव्हा वाजावा, कोठे थांबावा, कोणी कोणाला वाट द्यावी, याविषयी प्रत्येक समाजाला काही एक ठराव करावाच लागला; मग तो कागदावरचा असो वा केवळ मनातला. नागपुरात हा ठराव कसा चालत आला, कसा मोडला आणि पुन्हा कसा जुळवावा लागत आहे, हे सांगण्याचा आज विचार आहे.

प्रारंभ राजवाड्याच्या दारापासून केला पाहिजे. महाल भागातील भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा, लाकडी कोरीवकामाने नटलेला वाडा १८६४ साली आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. मागे उरले ते त्याचे भव्य महाद्वार. राजद्वारी नौबत झडण्याची चाल मोगल दरबाराने सर्वत्र रूढ केली होती. अबुल फजलाने 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या नगारखान्याची मोजदाद दिली आहे: दमाम्यांच्या सुमारे १८ जोड्या, नगाऱ्यांच्या सुमारे २०, ढोल ४, सनईच्या जातीची ९ वाद्ये, शिवाय कर्णे, शिंगे आणि झांजा. बादशहा स्वतः नगारा उत्तम वाजवीत असे, हेही तो आवर्जून नमूद करतो. आजच्या एखाद्या पथकाला लाजविणारा हा सरंजाम खरा. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या वादनाचे प्रहर बांधलेले होते. नगरवासीयांना नौबत कानी पडली की वेळ कळे. ती वाजविण्याचा अधिकारही कोणाला आपल्या इच्छेने घेता येत नसे. 'साहेबनौबत' हा मराठेशाहीत सरदाराला मिळणारा मोठा बहुमान होता, आणि धन्याच्या सन्निध आपली नौबत आवरती घ्यावी हा रिवाज होता. राजकुलात मृत्यू झाला म्हणजे नौबत बंद राही. ज्या नगराला रोजच्या नादाची सवय झालेली, त्याला त्या दिवशीच्या शांततेचा अर्थ कोणी दवंडी पिटून सांगावा लागत नसेल. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले.

तेव्हापूर्वीच नागपूरच्या वेशीपासून थोड्या अंतरावर दुसऱ्या जातीचा नाद सुरू झाला होता. १८२१ साली कामठीला इंग्रजांची छावणी पडली. पलटणीचा ताशा हा हुकमाचा ताशा. त्याच्या ठोक्यावर पावले उचलावयाची आणि ठोक्यावरच थांबावयाची. पुढे लग्नाच्या वरातीत शिरलेला पितळी बँड हे या लष्करी वादनाचेच घरगुती रूप होय. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने १९२७ च्या सुमारास नागपुरातच आपले घोषपथक उभे केले, तेही पलटणीच्या धर्तीवर. वाद्यांना मात्र आनक, पणव अशी संस्कृत नावे मिळाली. ही दोन्ही नावे गीतेच्या पहिल्या अध्यायात येतात.

परंतु वैदर्भीय मनुष्याला वाद्य आणि श्रोता यांचे नाते शिकविले ते दरबाराने नव्हे, पलटणीनेही नव्हे, तर पोळ्याने. तोरणाखाली शृंगारलेल्या बैलांच्या जोड्या उभ्या आहेत, डफडे आणि सनई जोरात आहे, एवढ्यात कोणी शेतकरी पुढे होऊन हात वर करतो आणि 'झडती' म्हणू लागतो. त्या क्षणी वाद्य थांबते. झडतीत देवाचे स्मरण असते, सावकाराला टोमणा असतो, पावसाला दूषण असते, कधी शेजारच्या पुढाऱ्याची खोडीही असते. ती संपली की जमाव आरोळी ठोकतो, डफडे पुन्हा कडाडते, आणि दुसऱ्या बाजूचा कोणी प्रत्युत्तराची झडती घेऊन पुढे येतो. ही चुरसच आहे. तिला परीक्षक नाहीत, गुणांचे तक्ते नाहीत. ज्याच्या झडतीला हशा अधिक, त्याची सरशी. यात मला मौज वाटते ती डफडेवाल्याच्या कानाची. केव्हा थांबावे आणि कोणत्या शब्दावर पुन्हा काठी पाडावी, हे त्याला कोणी खुणेने सांगत नाही. तो वाजवितो तितकेच लक्षपूर्वक ऐकतही असतो.

दुसऱ्या दिवशी नागपूर शहरात याच्या अगदी उलट देखावा दिसतो. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे सांगतात. त्या मिरवणुकीत गप्प राहणारा प्रेक्षक हाच अपराधी! रोगराई, महागाई, भ्रष्टाचार यांना हाकलून लावण्यासाठी येथे लोकच ओरडावयाचे आणि वाद्यांनी त्यांना साथ करावयाची. तेव्हा श्रोत्याचा शिष्टाचार म्हणजे सर्वत्र मौन, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तो प्रसंगानुरूप बदलतो. मात्र तो ठाऊक असावा लागतो.

आता ताशाविषयी. मातीचे वा तांब्याचे उथळ भांडे, त्यावर ताणलेले कातडे, गळ्यात अडकवून दोन बारीक काड्यांनी वाजवावयाचे. वाजविण्यापूर्वी शेकून त्याचे तोंड चढवावयाचे. हे वाद्य आणि त्याचे नाव फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि मोहरमच्या ताबुतांपुढे विशेष गाजले. याच ताशाने वेठीच्या करारावर गेलेल्या मजुरांबरोबर समुद्र ओलांडला आणि वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटात तो आजही घुमतो आहे. महाराष्ट्रात एके काळी ताबुतांपुढे नाचण्या-वाजविण्यात हिंदूंचा मोठा भाग असे. १८९३ चा मुंबईचा दंगा झाला, १८९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरले, आणि हिंदूंनी ताबुतांतून अंग काढून घेतले. मनुष्ये दुरावली, वाद्य मात्र दोहींकडे राहिले. नागपुरात याचा एक गोड पुरावा भाषेतच सापडतो. दर्ग्याच्या उरुसात चंदनाची मिरवणूक निघते, तिला संदल म्हणतात. रघूजीराव भोसल्यांनी १९०८ साली ज्यांना वेड्यांच्या इस्पितळातून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने आणून ठेवले, ते ताजुद्दीन बाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजी निवर्तले. त्यांच्या ताजबागेतील उरुसाला संदल निघतोच. पण नागपूरकर गणपतीच्या मिरवणुकीत 'संदल लावला आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात चंदन नसते, एका विशिष्ट ढंगाचे ढोल-ताशे असतात! शब्दाने धर्माची वेस केव्हा ओलांडली, ते बोलणाऱ्याला कळलेही नाही.

आणि तरीही याच शहरात हा ठराव मोडला. मशिदीवरून वाजत-गाजत जावे की न जावे, हा वाद १९२३ साली येथे विकोपाला गेला. अधिकाऱ्यांनी दिंड्यांना मनाई केली. ऑक्टोबरअखेर हजारो लोकांनी ती मोडून मिरवणुका काढल्या. 'दिंडी सत्याग्रह' या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. एका बाजूचे म्हणणे, सार्वजनिक रस्त्यावर वाजत जाणे हा आमचा हक्क आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, प्रार्थनेच्या वेळी शांतता हा आमचा हक्क आहे. पुढे सप्टेंबर १९२७ मध्ये शहरात दंगल होऊन माणसे मेली. तिची कारणे केवळ वाद्यांची होती असे कोणी म्हणणार नाही. पण मनांत जे साचले होते त्यात वाद्यांचा वाटा नव्हता असेही म्हणता येणार नाही. याच काळात, १९२४ साली, विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने एक निवाडा दिला: सार्वजनिक रस्त्याने धार्मिक मिरवणूक उचित विधींसह नेण्याचा हक्क आहे, मात्र तो सुव्यवस्थेसाठी दंडाधिकारी देईल त्या आज्ञांच्या आणि इतरांच्या रहदारीच्या हक्काच्या अधीन आहे. गंमत अशी, की हा खटला हिंदू-मुसलमानांचा नव्हताच. सुन्नी मशिदीजवळ थांबून मातम करणाऱ्या शिया मिरवणुकीचा तो वाद होता. पुढे मात्र सर्वच पंथांचे लोक त्याचा आधार घेऊ लागले. कायद्याने हक्काची मर्यादा आखून दिली हे बरे झाले. परंतु पोळ्यातला डफडेवाला ज्या क्षणी हात आखडतो, तो क्षण कोणत्या कलमाने नेमून द्यावा?

त्या डफडेवाल्याकडे मला आणखी एकदा वळले पाहिजे, कारण शिष्टाचाराची गोष्ट करताना त्याला विसरणे हीच मोठी अशिष्टता होईल. गावोगावी हे वादन बहुधा महार-मांग समाजाकडे होते. त्यांच्या वाद्यावाचून सण निघत नसे, लग्न लागत नसे, देवाची पालखी हालत नसे. पण पालखी देवळात शिरली की वाजविणारा बाहेर उभा. नाद हवा, नाद काढणारा हात नको, असा हा व्यवहार शतकानुशतके चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने महारकीची हीन लेखलेली कामे टाकून देण्यास सांगितले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी त्यांच्याबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर अनेक गावांत पोळ्याचे आणि मारुतीपुढचे डफडे थांबले. काही ठिकाणी यावरून कटकटी झाल्या, बहिष्कार पडले. गावकऱ्यांनी परंपरा मोडल्याची तक्रार केली. परंपरा चालविणाऱ्याला आपण काय दिले, हा प्रश्न फारच थोड्यांनी स्वतःला विचारला. राजाच्या मृत्यूने नौबत बंद होत असे. वाजविणाऱ्याच्या स्वाभिमानाने वाद्य बंद होणे ही त्याहून मोठी घटना होती, असे मी समजतो.

आजची पथके या इतिहासाच्या पुष्कळ पुढे आहेत. पुण्यात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांनी विद्यार्थ्यांच्या हाती ढोल दिले, त्यातून हौशी पथकांची प्रथा वाढली, आणि गेल्या दीड-दोन दशकांत नागपुरातही ती रुजली. महाविद्यालयातील मुले-मुली गणेशोत्सवाच्या आधी महिना-दोन महिने मोकळ्या मैदानांवर सराव करतात. कमरेला बांधलेला ढोल, एका हाती टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. पुढे ताशांची तर्री, झांजा आणि उंच नाचणारा ध्वज. ज्या कामाला काल हीन मानले, ते आज डॉक्टर-वकिलांची मुले हौसेने करतात, ही गोष्ट सामान्य नव्हे. कातड्याच्या जागी आता कृत्रिम पाने आली आहेत. पावसात ती टिकतात. पण कातड्याची ती जडशी, पोटातून येणारी घुमक त्यांत नाही, असे माझ्या कानाला वाटते.

पथके वाढली तशा स्पर्धाही आल्या. ताल, एकसंधपणा, पेहराव, शिस्त यांना गुण मिळू लागले. अमेरिकेत ढोल आणि बिगूल यांच्या पथकांच्या स्पर्धा फार जुन्या. १९७१ साली तेथे 'ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल' ही संस्था निघाली आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे परीक्षक एकेका चुकीला एक दशांश गुण कापीत. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की अशाने पथके कठीण रचनांना हातच घालीत नाहीत. चूक न करणे हेच ध्येय होऊन बसते. १९८४ पासून ती रीत सोडून एकंदर परिणामाला गुण देण्याचे ठरले. तेथील प्रेक्षक वादन चालू असता जागा सोडीत नाही, रांगांतून ये-जा करीत नाही. पण रंग भरला म्हणजे उभा राहून गर्जना करतो. आपल्याकडे नेमके उलटे होते. कान ताशाकडे असण्याऐवजी हात भ्रमणध्वनीकडे असतो, आणि चित्र टिपण्यासाठी मंडळी थेट ध्वजाखाली घुसतात. अमुक पथकाजवळ ढोल शंभर, तमुकाजवळ दोनशे, अशी मोजणी चालते. ठेका कोणाचा स्वच्छ पडला, याची चर्चा करणारा श्रोता शोधावा लागतो.

या मोजणीतूनच प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली असून रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पीठाने एका पथकात ३० पेक्षा अधिक जण नसावेत असे फर्माविले. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. पथकांना आनंद झाला. ज्या घरात आजारी वृद्ध आहे वा तान्हे मूल आहे, तेथे तो आनंद कितपत पोहोचला, हे त्या घरच्यांनाच विचारावे लागेल.

पथकाच्या चारी बाजूंनी दोर धरून काही मुले चालत असतात. ती वाजवीत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गर्दीला मागे सारणे, वाट मोकळी ठेवणे आणि मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की ताशाप्रमुखाला खूण करणे, हे त्यांचे काम. तो हात वर करतो, आणि सारे टिपरू एकदम हवेत थांबतात. दोर बाजूला होतो, गाडी निघून जाते, मग ताशावर एकट्याची तर्री सुरू होते. पुढच्या गणपतीत सीताबर्डीवर किंवा महालात उभे असाल, तर त्या मुलांकडे अवश्य पाहा.