सॉफ्टबॉल : शिष्यवृत्तीची वाट सुरक्षेच्या नियमांतूनच

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुली शाळेत हमखास ज्या खेळांकडे वळतात, त्यांत सॉफ्टबॉल हा एक आहे. मुलीचा हात चांगला चालू लागला की घरात महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची चर्चा सुरू होते आणि शनिवार-रविवार स्पर्धांच्या प्रवासात जाऊ लागतात. मात्र या धावपळीत दुखापत लपवण्याचा मोह मोठा असतो. खेळाचे सुरक्षा नियम आणि शिष्यवृत्तीचे नियम एकत्र वाचले, तर हा मोह किती महागात पडू शकतो ते स्पष्ट होते.

नावात मऊ, हातात कठीण

शिकागो येथे १८८७ मध्ये बंदिस्त जागेतील खेळ म्हणून सॉफ्टबॉलचा जन्म झाला. आजचा चेंडू मात्र मुळीच मऊ नाही. त्याचा घेर १२ इंच असून वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही अधिक असते. शालेय आणि महाविद्यालयीन स्तरावर पिचर केवळ ४३ फुटांवरून चेंडू टाकते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास अर्धा सेकंदही लागत नाही. फटका मारल्यानंतर तोच चेंडू पिचरच्या दिशेने परत येतो, तेव्हा तिच्याही हाती तेवढाच अवधी असतो.

यामुळेच माध्यमिक शाळांच्या सामन्यांत फलंदाजाच्या हेल्मेटला चेहऱ्याची जाळी २००६ पासून सक्तीची आहे. कॅचरला हेल्मेट, मुखवटा, गळ्याचे संरक्षण, छातीचे कवच आणि पायांचे पॅड घालावेच लागतात. क्षेत्ररक्षकांच्या मुखवट्याची सक्ती सर्वत्र नाही. तरीही पिचर आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवरील खेळाडूंनी तो वापरावा, हेच शहाणपणाचे. लहान वयोगटांसाठी अंतर आणि चेंडू दोन्ही कमी केलेले असतात; दहा वर्षांखालील मुलींसाठी साधारण ३५ फूट अंतर आणि ११ इंची चेंडू असतो. पहिल्या बेसवर पांढरा व केशरी असा जोड-बेस असल्यास धावणारी आणि झेलणारी यांची टक्कर टळते. घसरत आल्यावर जागेवरून सुटणारे बेस पायाच्या दुखापती मोठ्या प्रमाणात कमी करतात, हे १९८० च्या दशकातील अभ्यासातून दिसून आले आहे.

खांद्यावरचा न दिसणारा भार

हात खालून फिरवून चेंडू टाकल्याने खांद्याला त्रास होत नाही, हा समज रूढ आहे. प्रत्यक्षात या फेकीत खांद्यावर आणि दंडाच्या स्नायूंवर येणारा ताण बेसबॉलच्या फेकीच्या तोडीचा असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. लिटल लीगने २००७ मध्ये बेसबॉलसाठी फेकींच्या संख्येवर मर्यादा आणली. सॉफ्टबॉलमध्ये असे बंधन सर्वत्र नाही. परिणामी एकच मुलगी शनिवार-रविवारी चार-पाच सामने टाकते. तिच्या फेकींची नोंद पालकांनी स्वतः ठेवावी आणि वर्षातून काही महिने तिला पिचिंगपासून पूर्ण विश्रांती द्यावी.

डोक्याला मार लागल्यास गय नाही. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये यासंबंधी कायदा केला आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांनी त्याचे अनुकरण केले. संशय येताच खेळाडूला मैदानाबाहेर काढणे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत न खेळवणे, हा त्याचा गाभा आहे. गडगडाट ऐकू आल्यास खेळ थांबवून शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे लागते.

सुरक्षा केवळ शरीराची नसते. २०१८ च्या संघराज्य कायद्यानुसार राष्ट्रीय क्रीडा संघटनांशी संलग्न प्रशिक्षकांना अल्पवयीन खेळाडूच्या लैंगिक शोषणाचा संशय २४ तासांच्या आत कळवावा लागतो. अशा संघटनांमध्ये प्रशिक्षकाने अल्पवयीन मुलीला संदेश पाठवताना पालकांना त्यात सामील करून घेणे अपेक्षित आहे.

शिष्यवृत्तीचे खरे गणित

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत सुमारे साडेतीन लाख मुली सॉफ्टबॉल खेळतात. त्यांपैकी साधारण सहा टक्के मुली एनसीएएच्या महाविद्यालयीन संघांत पोहोचतात. पहिल्या श्रेणीत जाणाऱ्या तर दोन टक्क्यांहून कमी. तिसऱ्या श्रेणीतील आणि आयव्ही लीगमधील संस्था क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत. पहिल्या श्रेणीत पूर्वी प्रत्येक संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि ती रक्कम अनेकींत वाटली जाई. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा जाऊन संघात कमाल २५ खेळाडूंची अट आली. सर्व २५ जणींना पूर्ण रक्कम मिळेलच असे मात्र नाही.

पात्रतेची पहिली पायरी अभ्यासाची आहे. पहिल्या श्रेणीसाठी १६ मूलभूत विषय आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. यांतील दहा विषय शाळेचे शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावेत. प्रवेश परीक्षेच्या गुणांची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली. पहिल्या श्रेणीतील प्रशिक्षक अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी भरतीविषयी बोलू शकत नाहीत. त्याआधीच कोणी मध्यस्थ पैसे घेऊन जागेची हमी देत असेल, तर ती हमी फोल समजावी.

व्हिसावरील कुटुंबांसाठी

एच-४ व्हिसावरील मुलींना संघराज्य सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. क्रीडा शिष्यवृत्ती विद्यापीठाची असल्याने तिचा मार्ग खुला राहतो. वयाच्या एकविसाव्या वर्षी एच-४ चा दर्जा संपतो, याचे नियोजन आधी करावे. विद्यार्थी व्हिसावरील खेळाडूंवर कामाचे निर्बंध असल्याने नाव वा छायाचित्राच्या मोबदल्याचा करार वकिलाच्या सल्ल्याशिवाय करू नये. महाराष्ट्रातून थेट जाऊ पाहणाऱ्या मुलींनाही एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करून गुणपत्रिका सादर कराव्या लागतात. येथे दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण तेथील अभ्यासाच्या अटीला पर्याय ठरत नाहीत.

करारापूर्वी विचारायचा प्रश्न

शिष्यवृत्ती एका वर्षाची की अनेक वर्षांची, हे लेखी विचारावे. मंजूर मुदतीत दुखापतीमुळे ती रद्द करता येत नाही, परंतु एका वर्षाची शिष्यवृत्ती पुढे नूतन होईलच असे नसते. दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्यावे. सतराव्या वर्षी दुखरा खांदा लपवून मिळवलेली जागा अठराव्या वर्षी टिकेलच याची शाश्वती नाही. एखादी स्पर्धा सोडून खांदा बरा केल्यास पुढचा हंगाम तरी हाती राहतो, आणि अभ्यासाचे गुण तर कोणत्याही दुखापतीने जात नाहीत.