कुंडलिकेकाठचा घोट

१८१७ चा नोव्हेंबर. जालन्याच्या छावणीत ऊन कललंय, कुंडलिका नदीकडून वारा सुटलाय आणि तुम्ही एका तंबूच्या सावलीला उभे आहात. ब्रिगेडियर जनरल डव्हटनची हैदराबादची तैनाती फौज इथे तळ देऊन बसलीय. पुढच्याच महिन्यात ती नागपूरकर भोसल्यांवर चालून जाईल. तुमचं लक्ष मात्र आबदाराच्या हातांवर खिळलंय.

साहेबांची पेयं गार करणं हे आबदाराचं काम. घंगाळात पाणी, त्यात मूठभर सोरा. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात बाटली गळ्यापर्यंत बुडवून तो ती संथपणे फिरवत राहतो, मधूनच हाताच्या पाठीने काच चाचपतो, मान हलवतो, आणखी सोरा टाकतो. घाई करत नाही. शेवटी काचेवर दव धरतं आणि बूच निघतं.

पेला उजेडात धरा. रंग कढवलेल्या तुपाचा, फेस थोडका. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसनच्या कारखान्यात गाळलेली ही पेल एल. केप ऑफ गुड होपला वळसा घालत, विषुववृत्त दोनदा ओलांडत ती महिनोन्‌महिने जहाजाच्या पोटात डुचमळली आणि बंदरातून पुढे बैलगाडीने दख्खनच्या वाटा तुडवत आली. नाकाशी आधी हॉप्सचा, वाळल्या गवतासारखा वास येतो. मग कातड्याचा, खोगिराच्या जवळ जाणारा. हा दुसरा वास लाकडी पिंपात सावकाश काम करणाऱ्या एका यीस्टचा. त्याला ब्रेटानोमायसिस हे नाव १९०४ मध्ये कोपनहेगनला, कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत, क्लाउसेन देईल. तुमच्या जिभेला ते नावाआधीच कळलंय. गोडवा जवळजवळ नाही, कडवटपणा घशाच्या मुळाशी बसतो आणि बराच वेळ हलत नाही. वहीत लिहून ठेवा: बिअर उत्तम, पण जालन्याचा त्यात फक्त गारवा.

आता जालन्याच्याच शिवारात, १९४७ चा हिवाळा. पहाट, ओढ्याकाठचं शिंदीचं बन. मराठवाडा निजामाच्या राज्यात आहे आणि हे राज्य भारतात सामील व्हावं म्हणून लढा पेटलाय. झाडावरून एक माणूस कमरेचा दोर सोडवत उतरतो. खोडावर वर्षागणिक एकाआड एक पडलेल्या खाचा दिसतात. सर्वांत वरच्या खाचेखाली रात्रभर रसासाठी गाडगं होतं.

“घ्या पाव्हणं, सकाळची हाय, गोड लागंल. दुपारच्याला हीच डोक्यात जाती.”

घ्या. गढूळसर, किंचित धुरकट, गुळाच्या पहिल्या पाकाची गोडी आणि जिभेच्या टोकाला बारीक चुरचुर, कारण हवेतलं यीस्ट गाडग्यात शिरून केव्हाच कामाला लागलंय. ऊन चढेल तशी साखर सरत जाईल, आंबटपणा वाढेल, संध्याकाळी वास उग्र होईल. सकाळ-संध्याकाळ एकाच गाडग्यातून चव घेऊन पाहावी. किण्वन म्हणजे काय हे समजायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. इथे झाड, माती, पाणी, यीस्ट सगळं या शिवारातलं.

पण या गाडग्यावर निजामाच्या आबकारीचा कर आहे आणि तिजोरीला त्यातून मोठं उत्पन्न मिळतं. म्हणूनच मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते मराठवाडाभर शिंदीची झाडं तोडतायत. बनाच्या पलीकडून कुऱ्हाडीचा आवाज येतो तेव्हा गाडगं धरलेला माणूस काहीच बोलत नाही. त्याचं पोट या झाडांवर आहे आणि राज्य बदलावं असं त्यालाही वाटतंय. तुम्ही गाडगं त्याच्या हातात परत द्या. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात येईल.

एप्रिल २०१६ मध्ये थांबू नका, पण बघून घ्या. जालन्यात टँकरभोवती घागरींची रांग आहे. शेजारच्या औरंगाबादेत बिअरचे मोठमोठे कारखाने जायकवाडी धरणाच्या पाण्यावर चालतात, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांचं पाणी निम्म्याहून अधिक कापायचा आदेश दिलाय. मला तो आदेश योग्य वाटतो. एक लिटर बिअर करायला कित्येक लिटर पाणी लागतं. चवीची वही ठेवणाऱ्याने हेही लिहायला हवं.

आता आज. पुण्यातल्या एका ब्रुअरीतलं टेबल. २००९ मध्ये याच शहरात दूलाली या ब्रुअरीने ताजी बिअर जागेवर गाळून द्यायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या चोखंदळांना नवा छंद लागला. समोर गव्हाची विटबिअर आलीय: बेल्जियन रीत, धने आणि संत्र्याची साल. फिकट, ढगाळ, फेस दाट. पहिला घोट तोंडात घोळवा, नाकाने श्वास सोडा. धने आधी कळतात, साल मागाहून. छान जमलीय, शेवट जरा लवकर तुटतो.

ही साल जालन्याच्या मोसंबीची का नसावी? या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. संत्र्याइतकी ती तिखट नाही, कडवटपणा मवाळ. धन्यांना पुढे येऊ देईल. आणि जालन्याच्या दगडी ज्वारीलाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं. आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्याकडे ज्वारीचं पीठ आंबवून अंबील करतात, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीची चव इथल्या जिभेला परकी नाही. अडचण आहे ती मोड आणून केलेल्या माल्टची: बार्लीपेक्षा ज्वारीत स्टार्चची साखर करणारी विकरं कमी, आणि तिचा स्टार्च शिजायला उष्णता जास्त लागते. म्हणून आधी ज्वारी वेगळी शिजवायची, मग बार्लीच्या माल्टात मिसळायची. खटपट आहे, पण होण्यासारखी आहे.

ब्रूमास्टर काचेपलीकडे टाकीजवळ उभा आहे. उठा, त्याला गाठा, आणि कुठल्या गावाकडची ज्वारी मागवाल ते सांगूनच परत या.