उलटी फिरणारी भिंगरी

हनुकाच्या आठ रात्रींत ज्यू मुले ज्या चौकोनी भिंगरीने खेळतात तिला यिद्दिश भाषेत ‘द्रेदल’ म्हणतात. तिच्या चार अंगांवर नून, गिमेल, हे आणि शिन ही हिब्रू अक्षरे असतात. ही एका वाक्याची आद्याक्षरे मानली जातात : ‘तेथे मोठा चमत्कार घडला.’ इस्राएलमध्ये ‘तेथे’च्या जागी ‘येथे’ म्हणावयाचे असल्याने शिन जाऊन पे येते. अँटायोकस चौथ्याने धर्माध्ययनावर बंदी घातली तेव्हा सैनिकांची चाहूल लागताच मुले पोथ्या लपवून भिंगऱ्या फिरवीत बसत, अशी कथाही सांगतात. कथा गोड आहे. तिला त्या काळचा आधार मात्र नाही.

आमच्या मते अक्षरांचा पहिला अर्थ जुगारी आहे. युरोपात अशीच भिंगरी लॅटिन अक्षरांसह फिरत होती. इंग्लंडमध्ये तिला टीटोटम म्हणत आणि तिच्यावरचा टी म्हणजे ‘टोटुम’, सगळे. जर्मन खेळातील अक्षरे यिद्दिश बोलणाऱ्यांनी हिब्रू लिपीत उतरवली. नून म्हणजे ‘निश्त’, काही नाही. गिमेल म्हणजे ‘गान्त्स’, सगळा डाव उचला. हे म्हणजे ‘हाल्ब’, अर्धा. शिन म्हणजे ‘श्टेल आयन’, स्वतःचे घाला. चमत्काराचे वाक्य मागाहून आले. पुढे कोणी अक्षरांची अंकमूल्ये मिळवून ५०, ३, ५ आणि ३०० यांची बेरीज ३५८ काढली, जी ‘मशिआख’ या शब्दाचीही आहे. खेळाच्या सूचनेचे शास्त्रवचन कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला क्वचितच मिळावे.

आता हस्तकौशल्याकडे. साधी फिरकी अंगठा आणि मधले बोट यांच्या चुटकीने, गुळगुळीत टेबलावर, अगदी कमी उंचीवरून द्यावी. उंचावरून सोडली की आर आपटते आणि वेग वाया जातो. उलटी फिरकी ही खरी करामत. मनगट वळवून दांडी खाली आणावयाची, तिला चुटकीने पीळ द्यावयाचा आणि त्याच क्षणी बोटे बाजूला घ्यावयाची. भिंगरीचा जड भाग आता वर राहतो, म्हणून तोल टिकण्यास वेग अधिक लागतो. दांडीचे टोक गोलसर नसेल तर ती लगेच लडखडते. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा पहिल्या वीसेक खेपांत भिंगरी मेजाखालीच अधिक सापडली. असो.

गंमत अशी की हसिदी प्रवचनपरंपरेने दांडीलाही अर्थ दिला आहे : पुरिमचा खुळखुळा खालून धरतात, कारण तेथे सुटका माणसांच्या खटपटीतून झाली; हनुकाची भिंगरी वरून फिरवतात, कारण चमत्कार वरून आला. उलटी फिरकी शिकणारे पोर हे सारे प्रवचनच डोक्यावर उभे करते, आणि कोणी त्याला रागावत नाही.

डाव निष्पक्ष आहे का? रॉबर्ट फाइनरमन यांनी १९७६ मध्ये गणिताने दाखवले की दोहोंपेक्षा अधिक खेळाडू असतील तर आधी फिरवणाऱ्याचा लाभ असतो. २००६ मध्ये रॉबिन्सन आणि विजय यांनी खेळ किती लांबतो याची मर्यादा मांडली. तो लांबतो हे कंटाळलेल्या मुलांना आधीच ठाऊक होते.

गाण्यातही हीच सरमिसळ दिसते. अमेरिकेतील प्रसिद्ध इंग्रजी बालगीतातील भिंगरी मातीची, तर यिद्दिश गीतातील शिशाची. पूर्व युरोपात लाकडी साच्यांत शिसे ओतून भिंगऱ्या पाडत, तेव्हा यिद्दिश गीत व्यवहाराला धरून आहे.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएलांच्या जुन्या सणांत हनुका नव्हता. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी यावरून पूर्वज फार आधी कोकणात उतरले असा तर्क बांधला. तो तर्क वादग्रस्त आहे. आम्हाला येथे लहानशीच गोष्ट नोंदवावीशी वाटते : यिद्दिश न येणाऱ्या त्या घरांत ही भिंगरी पोचली तेव्हा ‘निश्त’ आणि ‘गान्त्स’ ऐकू येण्याचे कारणच नव्हते. त्यांच्यासाठी चार अक्षरांत हिब्रू वाक्य तेवढे होते. डाव कसा खेळायचा हे मात्र कोणाकडून तरी शिकावे लागणार होते.