दगडावर नाव कुणाचं?



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनात उभं राहून बोलायची सवय, बसून लिहायची नाही. चुकलं-माकलं पदरात घ्या. स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलं, "महाराज, इतिहासावर काहीतरी लिहा." तर मी दगडांचा इतिहास लिहायला बसलो. कामून, ते पुढं कळंल.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं वेशीपाशी एक स्मारक करायचं ठरलं. वर्गणी जमली, पण बैठकीत दोन मतं पडली. काही मंडळी म्हणाली, ज्यांनी दिंडी काढली त्या मूळ महाराजांचा संगमरवरी पुतळा बसवा. मी म्हणलं, महाराज आपल्याला वंदनीयच. पण शंभर वर्षं दिंडी एकट्या महाराजांनी चालवली काय?

आपल्या मारुतीच्या पाराजवळ एक उभा दगड हाय. लहानपणी आम्ही त्याला शेंदराचा देवच समजत होतो. पुढं एका गुरुजींनी तो पाण्यानं धुऊन आम्हाला दाखवला. तो वीरगळ निघाला. अशे दगड महाराष्ट्रात गावोगाव हायेत, शेकडो वर्षांचे. त्याचे कप्पे खालून वर वाचायचे. खाली लढाई, कुठं कुठं गाईगुरं पण कोरलेली. मधी अप्सरा त्या वीराला वर नेतेत. वरच्या कप्प्यात तो महादेवाच्या पिंडीची पूजा करतो. आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. म्हणजे जवर चंद्र-सूर्य हायेत, तवर ह्याची आठवण राहील.

हे वीर काही सगळे राजे नव्हते. गावची गुरं चोरांनी वळून नेली, ती सोडवायला धावलेला तुमच्या-माझ्यासारखा गडी बी त्यात असायचा. गावानं त्याच्यासाठी दगड उभा केला, ही मोठी गोष्ट. पण आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चंद्र-सूर्य हायेत, दगड हाय, नाव गेलं. आमच्या पाराजवळचा तो गडी कुणाचा कोण, आज कुणालाच सांगता येत नाही.

आता आपल्या संप्रदायातलं बघा. चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर मजुरी करत होते. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ सालची गोष्ट. कुसू ढासळलं आणि कामावरची माणसं त्याखाली गेली. नामदेवराय तिथं गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्या मजुराची समाधी आज दारातच हाय. आणि नामदेवरायांनी स्वतःसाठी काय मागितलं? पायरी. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. पुतळा नाही मागितला.

भिंतीखाली माणसं जाणं म्हणजे काय, ते आपल्या भागानं डोळ्यांनी बघितलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोकं दमून झोपलेली. पहाटे चार वाजायच्या आत किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं भुईसपाट झाली. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. तेच घर माणसाच्या अंगावर आलं. आठ हजाराच्या आसपास जीव गेले.

आम्ही गावातले दहा-बाराजण ट्रकमधी बसून गेलो. संगं दोरखंड, टिकाव, आणि बायांनी रातभर थापलेल्या भाकरी. वरून पाऊस. माझ्या जोडीला तिथलाच एक गडी होता. दोन दिवस आम्ही बरोबर दगड उपसले. त्यानं एक लेकरू जितं बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, त्याच्या स्वतःच्या घरात कुणी उरलं नव्हतं. तरी दुसऱ्याच्या घराचे दगड उपसत होता. मी त्याला भाकर दिली, पाणी दिलं. नाव इचारायचं राहून गेलं. तीस वर्षं झाली, ती बोच जात नाही.

आज किल्लारीत स्मृतिस्तंभ हाय. दरसाल ३० सप्टेंबरला तिथं मेलेल्यांना मानवंदना देतेत. तसंच नांदेड जिल्ह्यात बिलोलीजवळ अर्जापूरला हुतात्मा गोविंदराव पानसऱ्यांचं स्मारक हाय. निजामाच्या काळात, १९४६ साली त्यांची हत्या झाली. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला आपला मुलूख मोकळा झाला. ही स्मारकं पाहिजेतच. पण सरहद्दीवरच्या कॅम्पातल्या पोरांना ज्या मायमाऊल्यांनी चोरून भाकरी पोचवल्या, त्यांचं नाव कुठल्या दगडावर हाय?

म्हणून बैठकीत मी सांगितलं ते असं. संगमरवर नको, आपल्याच मुलखातला काळा पाषाण घ्या. वीरगळासारखे तीन कप्पे करा. खालच्या कप्प्यात डोक्यावर तुळस घेतलेली बाई, पाण्याची घागर, तीन दगडांची चूल आणि बैलगाडी. मधल्यात विणेकरी, टाळकरी, मृदंगी. वरच्यात पांडुरंग, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. आणि मागच्या बाजूला खोल अक्षरात नावं. महाराजांचं नाव पहिलं, त्याच्याखाली बाकी सगळ्यांची, सारख्याच आकारात.

एकजण म्हणाला, "पुतळा असला की लोकं हार तरी घालतेत." मी म्हणलं, "हार सुकतो. नातवानं दगडावर आपल्या आजीच्या नावावर बोट ठेवलं, तर तो पुढच्या वारीला चालंल."

शेवटी मंडळींनी ऐकलं. पण आता खरी अडचण पुढं आली. यादी करायला बसलो तर गड्यांची नावं निघाली, बायांची निघंनात. वहीत "अमक्याची माय", "तमक्याची भावजय" एवढंच. चाळीस वर्षं जिच्या हातचं पिठलं-भाकर खाऊन आम्ही मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी करत पंढरी गाठली, त्या माऊलीचं पाळण्यातलं नाव आम्हाला ठावं नाही. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच हाय.

तेव्हा माऊलीहो, हात जोडून एक मागणं. घरी म्हातारं माणूस असंल तर आजच त्याच्यापाशी बसा. दिंडीत कोण चाललं, पाणी कुणी वाहिलं, गाडी कुणी हाकली, वाटेत देह कुणी ठेवला, इचारा. माहेरी गेलेल्या लेकींना इचारा, आईचं खरं नाव त्या सांगतील. कार्तिकीच्या आत नावं आणून द्या. लिहिता येत नसंल तर तोंडी सांगा, मी लिहून घेतो. पाथरवटाला अक्षरं कोरायला वेळ लागतो, आणि सांगणारी माणसं दरसाल कमी होतेत.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.