भट्टी नसलेल्या घरातला केक

‘आज संध्याकाळी केक पाहिजे’ असं कुणी दुपारी सांगावं आणि आपण ‘बरं’ म्हणावं, ही गोष्ट फार जुनी नाही. जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. त्याआधी केक म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम होतं. 1747 साली हॅना ग्लास नावाच्या इंग्रज बाईंनी पाककृतींचं पुस्तक छापलं. त्यात केकचं मिश्रण हाताने नाहीतर मोठ्या लाकडी चमच्याने तासभर घोटायला सांगितलंय. तासभर! घोटता घोटता जी हवा आत शिरेल, तिच्यावरच केक फुगायचा. पुस्तक वाचणारी मालकीण आणि घोटणारी मोलकरीण असंच बऱ्याच घरांत असणार, असं आम्हाला वाटतं.

हा तास वाचला तो एका आजारी बायकोमुळे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम गावात अल्फ्रेड बर्ड नावाचा औषधविक्रेता होता. त्याच्या बायकोला, एलिझाबेथला, अंडी सोसत नसत आणि पाव फुगवायचं यीस्टही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने आधी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि मग 1843 साली बेकिंग पावडर. सोडा, त्याच्या जोडीला आंबट पदार्थाची कोरडी भुकटी, आणि दोन्ही कोरडे राहावेत म्हणून थोडं पीठ. ओलं झालं की दोन्ही भेटतात, वायू सुटतो, मिश्रण फुगतं. आपण दह्यात सोडा घालतो तेव्हा फेस येतो ना, तोच हा प्रकार.

आपल्या देशातली ऐनवेळच्या केकची नावाजलेली हकीकत केरळातल्या तलश्शेरीची आहे. मम्बल्ली बापू यांची तिथे बिस्किटांची बेकरी होती. 1883 साली नाताळाच्या तोंडावर मर्डॉक ब्राउन नावाचा मळेवाला साहेब विलायतेचा केक घेऊन त्यांच्याकडे आला. ‘असाच करून दे’ म्हणाला, आणि कोको, खजूर, मनुका देऊन गेला. बापूंनी असा केक कधी केलेला नव्हता. साचा नव्हता, तो त्यांनी लोहाराकडून घडवून घेतला. साहेबाने फ्रेंच ब्रँडी घालायला सांगितली होती. बापूंनी काजूची बोंडं आणि केळी यांची गावठी दारू वापरली. दहा-बारा दिवसांत केक तयार झाला, आणि साहेबाने आणखी डझनभर मागवले, असं तिथे सांगतात. आम्हाला यातला लोहार फार आवडतो. केकच्या गोष्टीत त्याचं नाव कुणी घेत नाही, पण साच्याशिवाय केक कसला?

आता आपल्याकडचं बघू. नगरला इंग्रजांची छावणी होती आणि 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन होतं. आजही आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या-चकल्यांच्या शेजारी केक असतो. पण भट्टी घरात कुणाच्याच नव्हती. रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, आपले पत्रे ओळखून परत आणायचे. दिवाळीची नानकटाई आपल्यातल्या कितीतरी जणींनी अशीच भाजून आणली आहे. यात सोय होती, पण ऐनवेळचं काम होत नसे. बेकरीवाला म्हणेल तेव्हाच भट्टी मोकळी.

खरं तर भट्टीवाचून भाजायचं आपल्याला आधीपासून येत होतं. रोडगे आपण गोवऱ्यांच्या आरात भाजतोच. कोकणातल्या बायका काकडी, रवा, गूळ घालून धोंडस करतात. पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे. खालून-वरून सारखी धग, म्हणजे भट्टीच की ती. गॅस आला आणि झाकणावरचे निखारे गेले. त्यांच्या जागी वाळू किंवा मीठ आलं, तेही पातेल्याच्या आत.

आमच्या गटाकडे आता अशी मागणी येते, ती बहुतेक मुलींच्या वाढदिवसाची. याचं आम्हाला अप्रूप आहे. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली नऊशेसुद्धा नव्हत्या. पोराचा वाढदिवस महिनाभर आधी ठरतो, पोरीचा मात्र दुपारी आठवतो. म्हणून निरोप उशिरा आला तरी आम्ही ‘नाही’ म्हणत नाही, आणि दोन थरांचाच करतो.

एका थराला दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल, सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. जाड पातेल्यात बोटभर वाळू, वर लोखंडी कडं, झाकण लावून दहा मिनिटं आधी तापवायचं. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबर काढून, पण रिकामा तापून कुकर खराब होतो, म्हणून आम्ही जुनं पातेलंच घेतो. मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटं. पहिली अर्धा तास झाकण उघडायचं नाही. मग काडी खुपसून बघायची, कोरडी निघाली की झालं.

घाईत केक बिघडतो तो इथे: एक डबा आत असताना दुसऱ्या थराचं मिश्रणही कालवून ठेवलं जातं. बर्डची पावडर ओली झाली की थांबत नाही. पाऊण तासात सगळा वायू निघून जातो आणि दुसरा थर धपाट्यासारखा बसतो. म्हणून दुसऱ्या थराचं कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, आणि पहिला डबा बाहेर आल्यावरच दोन्ही एकत्र. दोन्ही थर पूर्ण गार झाल्याशिवाय मध्ये काही लावायचं नाही, साय वितळून खाली येते. तेवढा वेळ नसेल तर मध्ये जॅम लावा आणि वरून पिठीसाखर गाळणीने भुरभुरा.