नाताळच्या सुट्टीतील भूक : इंग्लंडमधील शालेय भोजनाच्या कायद्यातील एक उणीव (१९०६–१९१४)

इंग्लंडातील नाताळ हा मुख्यतः मुलांचा व कुटुंबाचा सण होय, ही कल्पना वाटते तितकी प्राचीन नाही. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत ती रूढ झाली. चार्ल्स डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली, सजविलेल्या वृक्षाभोवती राजकुटुंब उभे असल्याचे चित्र ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने १८४८ मध्ये छापले, आणि १८७१ च्या कायद्याने नाताळच्या दुसऱ्या दिवसालाही सुट्टीचा दर्जा मिळाला. डिकन्सच्या कथेत एक मुलगा येतो. त्याचे सारे सोबती सुट्टीत घरी गेलेले आहेत आणि तो शाळेच्या ओसाड खोलीत एकटाच वाचत बसला आहे. हे दुःख निवासी शाळेत राहणाऱ्या मुलाचे होय. १८७० नंतर ज्या लक्षावधी मुलांची नावे सार्वजनिक प्राथमिक शाळांच्या हजेरीपटावर चढली, त्यांतील पुष्कळांची अडचण नेमकी उलट होती. त्यांना सुट्टीत घरीच राहावे लागे, आणि घरात चूल पेटलेली असेलच असा भरवसा नसे. या मुलांच्या सुट्टीचा प्रश्न पार्लमेंटपुढे कसा आला, आणि कायद्यातील एका शब्दप्रयोगामुळे तो आठ वर्षे कसा अडून राहिला, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा ज्या डब्ल्यू. ई. फॉर्स्टर यांनी मांडला, ते पार्लमेंटमध्ये ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या शहराचे प्रतिनिधी होते. १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. १८९१ च्या कायद्याने बहुतेक प्राथमिक शाळांतील फी संपुष्टात आली. या तीन पायऱ्यांचा एक परिणाम कायदे करणाऱ्यांच्या फारसा ध्यानी आलेला नव्हता. जी भूक गल्लीबोळांत विखुरलेली होती, ती आता एका छपराखाली, एका शिक्षकाच्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी रांगेने बसू लागली. शाळेला मिळणारे सरकारी अनुदान बराच काळ हजेरीवर व परीक्षेच्या निकालावर अवलंबून होते; त्यामुळे मूल शाळेत का आले नाही, आणि आले तर त्याचे चित्त धड्यात का लागत नाही, हे प्रश्न मुख्याध्यापकाच्या जिव्हाळ्याचे बनले. १८६२ च्या नियमावलीपासून प्रत्येक अनुदानित शाळेस दैनंदिन नोंदवही ठेवावी लागे. या वह्या समाजेतिहासाचे मोठे साधन होत. हिवाळ्यातील नोंदींत बूट नाहीत म्हणून घरी राहिलेली मुले भेटतात, गोवर आणि खोकला भेटतो, आणि डिसेंबरअखेरीस शाळा बंद झाल्याची एखादी ओळ भेटते. पुढची नोंद जानेवारीतील. मधल्या दिवसांबद्दल ही वही मुकी असते, आणि हे मौन पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवणे जरूर आहे. शाळेच्या कागदपत्रांतून दिसणारे मूल हे सुट्टीत अदृश्य होणारे मूल असते.

हिवाळा हाच कामगार कुटुंबाचा सर्वांत कठीण काळ. हिमतुषार पडले की बांधकामे थांबत. गोदीतील रोजंदारी अनिश्चित होई. कोळशाचा खर्च मात्र याच दिवसांत वाढे. परोपकारी मंडळींना याची जाणीव नव्हती असे नाही. लंडनमध्ये १८६४ पासून निराधार मुलांना भोजन देणारी एक संस्था काम करीत होती, १८८९ मध्ये शाळकरी मुलांच्या भोजनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या प्रेरणेने उत्तरेकडील शहरांत ‘सिंड्रेला क्लब’ निघाले. या सर्वांचे काम बव्हंशी हिवाळ्यातच चाले, आणि नाताळच्या सुमारास दानाला भर येई. तथापि या दानाचे स्वरूप उत्सवी होते. एका संध्याकाळी दिवाणखाने उजळत, मांसाचे व पुडिंगचे भोजन मिळे, प्रत्येकाच्या हाती एखादे संत्रे पडे. दोन आठवड्यांच्या सुट्टीत मुलाला सुमारे चाळीस वेळा भूक लागते, ही साधी त्रैराशिकाची गोष्ट त्या उत्सवात बसत नव्हती.

ब्रॅडफर्डमध्ये हा प्रश्न दानाच्या कक्षेबाहेर आला, याला तेथील परिस्थिती कारणीभूत झाली. १८९० च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर, मॅनिंगहॅम येथील रेशीम गिरणीत वेतनकपातीच्या निषेधार्थ संप सुरू झाला. अमेरिकेच्या नव्या जकातीमुळे माल खपत नाही, ही मालकांची सबब होती. संप एप्रिल १८९१ पर्यंत चालला आणि कामगारांच्या पराभवात संपला. पण त्या हिवाळ्याच्या आठवणीतून जी चळवळ उभी राहिली तिची परिणती १८९३ च्या जानेवारीत, याच शहरात, स्वतंत्र मजूर पक्षाच्या स्थापनेत झाली. १८९४ मध्ये मार्गारेट मॅक्मिलन या पक्षाच्या वतीने स्थानिक शाळामंडळावर निवडून आल्या. शहराने त्यापूर्वीच डॉ. जेम्स कर यांना शाळांचे वैद्यकीय अधिकारी नेमले होते. १८९७ मध्ये एका शाळेत मुलांसाठी स्नानगृह बांधण्यात आले. शाळा म्हणजे केवळ अक्षरओळखीचे ठिकाण नसून मुलाच्या शरीराचीही तिच्यावर काही जबाबदारी आहे, हा विचार येथे रुजला. फ्रेड जोवेट हे याच मुशीतून तयार झालेले कार्यकर्ते.

राष्ट्रीय पातळीवर या विचाराला बळ मिळाले ते मात्र करुणेतून नव्हे. बोअर युद्धाच्या (१८९९–१९०२) सैन्यभरतीत शारीरिक दोषांमुळे नाकारलेल्या तरुणांची संख्या पाहून राज्यकर्ते धास्तावले. त्याच सुमारास यॉर्क शहराची सीबोम राऊंट्री यांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली (१९०१); तीत एकंदर लोकसंख्येपैकी २७.८४ टक्के लोक दारिद्र्यात राहतात असा निष्कर्ष होता. शारीरिक ऱ्हासाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये शाळकरी मुलांच्या भोजनाची व वैद्यकीय तपासणीची शिफारस केली. १९०५ च्या सरकारी आदेशाने हे काम गरिबांच्या कायद्याखालील अधिकाऱ्यांकडे सोपविण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, यात नवल नाही. मुलाच्या घासाबरोबर बापाच्या नावावर कर्ज चढावे आणि त्याचा मताधिकारही धोक्यात यावा, अशी ती योजना होती. अखेर मजूर पक्षाचे सभासद व व्यवसायाने सुतार असलेले विल्यम टायसन विल्सन यांनी मांडलेले विधेयक डिसेंबर १९०६ मध्ये कायदा म्हणून संमत झाले.

हा कायदा सक्तीचा नव्हता. स्थानिक शिक्षण-अधिकारी मंडळांना भोजनासाठी पौंडामागे अर्ध्या पेनीपर्यंत कर खर्चण्याची केवळ मुभा त्याने दिली. जेवणाचे पैसे न भरल्यास बापाचे कोणतेही नागरी हक्क जाणार नाहीत, हे मात्र त्यात स्पष्ट लिहिले होते. हे भोजन कोणासाठी, तर सार्वजनिक प्राथमिक शाळेत ‘हजर असणाऱ्या’ मुलांसाठी. मसुदा करणाऱ्यांचा हेतू बहुधा इतकाच असावा की खाजगी शाळांतील मुले वगळली जावीत. पण सरकारी हिशेबनीसांच्या दृष्टीने शाळा बंद असलेल्या दिवशी कोणतेच मूल हजर नसते. म्हणून त्या दिवशीच्या जेवणावर कराचा पैसा खर्च करणे अवैध ठरले. नाताळच्या आधी काहीच दिवस संमत झालेल्या कायद्याने नाताळचे दिवसच वगळावेत, हा योगायोग विचित्र खरा.

या अर्थाचे परिणाम काय होतात, याचा पुरावा लवकरच पुढे आला. १९०७ च्या एप्रिल ते जुलै या काळात ब्रॅडफर्डचे शाळा वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली यांनी, पाकशिक्षणाच्या पर्यवेक्षिका मॅरियन कफ यांच्या साहाय्याने, निवडक चाळीस मुलांना सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण देऊन त्यांची नियमित वजने घेतली. न्याहारीस दूध व काकवी घातलेली ओटची लापशी आणि पाव. जेवणास बेतशीर खर्चाचे पण विचारपूर्वक ठरविलेले पदार्थ. मेजांवर स्वच्छ चादरी अंथरल्या जात, फुले ठेवली जात, आणि वाढण्याचे काम मोठ्या मुली करीत. तुलनेसाठी, ज्यांना हे भोजन मिळत नव्हते अशा मुलांचीही वजने घेण्यात आली. जेवणाऱ्या मुलांची वजने अधिक वेगाने वाढली, यात अनपेक्षित असे काही नव्हते. नोंद घेण्यासारखी बाब वेगळी आहे. मे महिन्यात व्हिटसन सणाच्या सुट्टीसाठी भोजन थांबले, आणि त्या अल्प अवधीतच मुलांची वजने घटली. शाळा उघडल्यावर ती पुन्हा चढू लागली. चाळीस मुलांवरून सर्व देशाबद्दल अनुमान काढणे धाडसाचे होईल, हे मान्यच केले पाहिजे. तथापि ही घट वर्षाच्या सौम्य ऋतूतील, थोड्या दिवसांच्या सुट्टीतील होती. जी तफावत मे महिन्यात तराजूवर दिसली ती डिसेंबरअखेरीच्या थंडीत कमी असेल, असे मानण्यास आधार नाही. शाळेच्या नोंदवहीतील मौनाला प्रथमच एक आकडा मिळाला, हे या प्रयोगाचे महत्त्व. त्याच वर्षी ऑक्टोबरात ग्रीन लेन येथील शाळेत शहराचे भोजनाचे काम सुरू झाले.

विरोधकांचा मुद्दा कुटुंबाचा होता, आणि तो उथळ म्हणून सोडून देता येत नाही. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्या मते मुलाला शाळेने जेवू घालणे म्हणजे बापाच्या कर्तव्याला सुरुंग लावणे. विख्यात विधिज्ञ ए. व्ही. डायसी यांनी तर १९१४ मध्येसुद्धा, मुलाच्या जेवणाचे पैसे न देणाऱ्या बापाचा मताधिकार या कायद्याने शाबूत ठेवला याबद्दल नापसंती व्यक्त केली. या विचारसरणीत सुट्टी हा जणू कुटुंबाचा राखीव प्रांत होता. शाळेच्या दिवशी राज्याने पाऊल पुढे टाकले तरी नाताळात तरी आईबापांनी आपले घर सांभाळावे.

परंतु ते घर कसे चालत होते, याचे चित्र याच काळात तयार होत होते. फेबियन स्त्रियांच्या मंडळाने १९०९ पासून लंडनच्या लँबेथ भागातील, आठवड्यास साधारण एक पौंड मिळकत असलेल्या घरांचे जमाखर्च आयांकडूनच लिहवून घेतले. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी ते १९१३ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. ही घरे आळशांची वा मद्यप्यांची नव्हती. बाप कामावर जाणारा, आई काटकसरी. मांसाचा मोठा वाटा बापाकडे जाई, कारण त्याच्या अंगात बळ राहिले तरच आठवड्याची मजुरी घरात येणार. आई व मुले पाव, बटाटे व चहावर भागवीत. ही वाटणी निर्दयपणाची नसून हिशेबाची होती. अशा घरात सुट्टी लागली की मुलाचे शाळेतील जेवण बंद होऊन ते पुन्हा आईच्या त्याच तुटपुंज्या रकमेवर येई, आणि ती तूट सर्वांत आधी तिच्याच ताटातून भरली जाई. कुटुंबाचे स्वास्थ्य राखण्यासाठी सुट्टीत भोजन देऊ नये, या युक्तिवादात आईचा विचार कोठेच नव्हता, हा त्याचा खरा दोष. जेथे जेथे कर्तव्याची चर्चा झाली तेथे ती बापाच्या कर्तव्याची झाली. त्याची किंमत मात्र दुसरीच व्यक्ती चुकवीत होती.

१९०७ ते १९१४ या काळात काही नगरांनी खाजगी निधीच्या व वर्गण्यांच्या आधारे सुट्टीतील भोजन चालू ठेवले. दुरुस्तीचा आग्रह मजूर सभासदांनी पार्लमेंटमध्ये धरला, जोवेट त्यांत होतेच. अखेर ती झाली ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू होताच. अर्ध्या पेनीची मर्यादा गेली, आणि शाळा बंद असलेल्या दिवशीही भोजन देण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना मिळाला. आठ वर्षांत वादाने जे साधले नाही ते युद्धाने होणाऱ्या बेकारीच्या भीतीने काही दिवसांत साधले. १९०६ च्या कायद्यामागेही युद्धच होते, हे येथे आठवते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शालेय भोजन हे स्थानिक मंडळांचे कर्तव्य ठरविले; १९८० च्या कायद्याने ते बंधन पुष्कळसे सैल केले. सुट्टीचा प्रश्न २०२० मध्ये, साथीच्या काळात, पुन्हा उभा राहिला. फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी चालविलेल्या मोहिमेनंतरही ऑक्टोबरात कॉमन्स सभेने सुट्टीतील भोजनाचा प्रस्ताव फेटाळला, आणि नोव्हेंबरात सरकारने हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले.

भारतीय वाचकाला या इतिहासातील तो जुना शब्दप्रयोग अपरिचित वाटणार नाही. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश राज्यांना दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने दुष्काळग्रस्त भागांत ते उन्हाळ्याच्या सुट्टीतही द्यावे असे सांगितले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमात मात्र शाळकरी मुलाचा हा हक्क शाळेच्या सुट्ट्या वगळून दररोजचा आहे. २००४ चा आदेश दुष्काळाचा व उन्हाळ्याचा विचार करून दिलेला; दिवाळीची सुट्टी त्यात येत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी कुटुंबे घर सोडतात ती याच सुमारास, आणि गावच्या शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेले मूल पुढील अनेक महिने त्या पटाच्या दृष्टीने गैरहजर असते.