उपास, उपासमार आणि घरातली मुलगी

१८७३ साली पॅरिसमध्ये शार्ल लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एकाच व्याधीचे वर्णन केले. सुखवस्तू घरांतल्या तरुण मुली समोरचे भरले ताट दूर सारतात, झिजत जातात, आणि देहात त्याचे कारण सापडत नाही. गलने दिलेले ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव पुढे रूढ झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी सोलापूर जिल्ह्यात पाऊस फिरकला नाही. रब्बी ज्वारीवर जगणाऱ्या या मुलखात, १८७७ मध्ये, दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा शिधा रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाने एक पौंड धान्यावर आला. वर हातात पडत ते चार पैसे.

या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण दख्खनमधल्या मुलीच्या देहाचा इतिहास लिहायचा तर दुसरीपासूनच सुरुवात करावी लागते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवून घेतला, आणि तो भाषेत मुरला. ‘बाळसे’, ‘अंगाने भरणे’, ‘खात्यापित्या घरची’ हे कौतुकाचे शब्द. ‘हाडकुळी’, ‘सुकलेली’, ‘पाप्याचे पितर’ हे कीव करण्याचे. कृशतेत सौंदर्य पाहणे ही चैन अशा मुलखाला परवडणारी नव्हती. मात्र या कौतुकालाही मर्यादा होती. बालविवाहाच्या काळात भराभर वाढणारी मुलगी आईबापांची झोप उडवी. वयाच्या मानाने मोठ्या दिसणाऱ्या मुलीसाठी मराठीत ‘थोराड’ हा शब्द आहे, आणि तो आजही स्तुती म्हणून कोणी वापरत नाही.

मुलीने किती खावे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हताच. बालविधवेच्या बाबतीत तर तो उघडपणे काढून घेतला जाई: एकभुक्त राहणे, जाडेभरडे नेसणे, केशवपन. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबऱ्या आपण वर्गात विधवांच्या प्रश्नासाठी शिकवतो. पण ज्या वयात अंग भरायचे त्याच वयात मुलीचा देह विरूप करण्याची ती कुटुंबसंमत रीत होती, ही बाजू चर्चेत क्वचितच येते.

विधवेवर लादलेला तो उपास पुसट होत गेला, तरी प्रतिष्ठेचा उपास राहिलाच. पंढरपूर याच जिल्ह्यात. तुळजापूर सोलापूरहून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि कोजागिरीला लोक चालत जातातही. एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, सोळा सोमवार, कुमारिकांसाठी हरतालिका. (‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणारी भाषाही हीच, त्यामुळे साबुदाण्याच्या खिचडीवर फार गंभीर होण्याचे कारण नाही.) या व्रतांना रोग म्हणणे हा अडाणीपणा ठरेल. पण जी मुलगी आधीच जेवण टाळते आहे, तिला या पंचांगात आडोसा सापडतो. ‘उपास आहे’ म्हटले की कोणी पुढे विचारत नाही. उलट कौतुकच होते. मध्ययुगीन इटलीतील उपास करणाऱ्या संत स्त्रियांवर रुडॉल्फ बेल यांनी १९८५ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. आपल्याकडे तसा प्रश्न विचारण्याची पाळी अजून आलेली नाही.

पाश्चात्त्य निदानही इथे तोकडे पडते, कारण ते आरशाभोवती रचलेले आहे. लठ्ठपणाची भीती ही त्याची मुख्य खूण. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांना १९९०च्या दशकाच्या आरंभी असे आढळले, की त्यांच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना ती भीती नव्हतीच. पोट जड वाटते, भूक नाही, असे त्या सांगत. अमेरिकी निदानसंहितेने ही भीती बोलून दाखवण्याची अट सैल केली ती २०१३ मध्ये. उलट फिजी बेटांवर अॅन बेकर यांनी पाहिले, की १९९५ मध्ये दूरदर्शन नुकते पोहोचले तेव्हा वजनासाठी उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी त्यांच्या पाहणीत नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के झाले. म्हणजे आरसा बाहेरून आणता येतो, आणि तीन वर्षांत तो पुरेसा होतो.

आपल्याकडे तो केबलबरोबर आला. १९९४ मध्ये विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब भारतात आले, तेव्हा जी मुले केबल पाहत वाढत होती त्यांच्या मुली आज किशोरवयात आहेत. याच जिल्ह्यातल्या अकलूजची शाळकरी मुलगी २०१६ मध्ये ‘सैराट’ची आर्ची म्हणून बुलेट आणि ट्रॅक्टर चालवताना पडद्यावर दिसली, तेव्हा मुलींना मापपट्टीबाहेरची नायिका भेटली. पण एका आर्चीने आरसा उतरत नाही.

आणि आरसा आला म्हणून आधीचे काही गेलेले नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक किशोरवयीन मुली रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या कितीजणींना पुरेसे मिळत नाही, कितीजणी व्रत पाळतात आणि कितीजणी कंबर मोजतात, हे रक्ताच्या थेंबावरून कळत नाही. त्यासाठी मुलीला विचारावे लागते, आणि तेही बहुधा घरातली इतर माणसे जेवून उठल्यावर.